ज्याचं त्याला, एक बरणी सोडून

रविवार, १७ ऑगस्ट २००३, सकाळचा चहा झाल्यावर. ठिकाण : आपली ओटी. हजर : मी, तुमचे थोरले भाऊ, म्हणजे हे, निवृत्त शिक्षिका सुलूताई, मागच्या आळीतली कुंदा, पहिल्या एसटीने गावाहून आलेली शेवंती, मिरकरवाड्याच्या हमीदाभाभी, आणि आमसुलंवाल्या दोघी जावा, ज्या एकाच वेळी बोलतात म्हणून मी त्यांना एकच धरते. गैरहजर : तुम्ही.

भाऊजी, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "वहिनी, माझ्या मागे पण हजेरी घेतलीत?" घेतली. सवय आहे. पण आज ती सवयीने घेतली नाही. कोण आलं आणि कोण काय घेऊन गेलं हे तुमच्या कानावर घालायचं होतं, कारण दवाखान्यात तुम्ही शेवटचं शहाणपणाचं जे काही बोललात ते एवढंच होतं, "दुकानातलं माझं काही नाही हां वहिनी. ज्याचं त्याला."

तर ज्याचं त्याला पोचलं. आता दुपार झाली आहे, सगळ्या गेल्या आहेत, ओटी दोनदा पुसूनही लोणच्याचा वास हटत नाही, आणि मी भिंतीला पाठ टेकून बसले आहे. तुम्ही गेलात त्यानंतर अशी बसण्याची ही पहिलीच वेळ. पूर्ण खरं सांगायचं तर एक बरणी राहिली आहे. तिच्याकडे मी शेवटी येते.

अठ्ठ्याण्णव साली तुम्ही मुंबईहून परत आलात तेव्हा कंपनीला टाळं लागलं होतं, लग्नाचं तुम्ही कधी मनावर घेतलं नव्हतं, आणि एक ट्रंक ठेवून तुम्ही याच ओटीवर बसलात. बरेच महिने बसलात. मे महिन्यात मी रायवळ आंब्याची साठं घातली, घरात खाऊन उरली, आणि उन्हात वाळवलेल्या त्या पोळ्यांच्या चळतीकडे बघत मी म्हटलं, "भाऊजी, बसलाच आहात तर एसटी स्टँडवर जाऊन एवढी विकून या." मला वाटलं तुम्हाला राग येईल. तुम्ही पिशवी घेतलीत, चपला घातल्यात, आणि जेवायच्या आत रिकामी पिशवी हलवत परत आलात. पैसे माझ्या हातावर ठेवलेत आणि त्यातून रुपयामागे दोन आणे बाजूला काढून खिशात घातलेत.

"हे काय?"

"माझी दलाली."

"घरच्या माणसाकडून?"

"आज तुमच्याकडून सोडली, तर उद्या शेजारणीकडून कुठल्या तोंडाने घेऊ?"

उद्या शेजारीण येणार आहे हे तुम्ही स्टँडवरून येतानाच ठरवून टाकलं होतंत. आणि ती आलीच. कुंदा लोणचं घेऊन आली. मग सुलूताई आल्या, मग बाकीच्या. स्टँडमागच्या गल्लीत तुम्ही भाड्याने गाळा घेतलात. त्यात तुमचं असं स्टूल, तराजू आणि एक खडखडणारा पंखा. फळ्यांवरचं सगळं दुसऱ्यांचं. बायकांनी आणून ठेवायचं. विकलं तर दोन आणे कापून पैसे, न विकलं तर माल परत. कुणी तुम्हाला दुकानाचे मालक म्हटलं की तुम्ही दुरुस्त करायचात. "मालकिणी घरी आहेत. मी नुसता मध्ये आहे."

आपलं पहिलं भांडण झालं ते लेबलांवरून. ते शेवटपर्यंत मिटलं नाही, म्हणून इथे नीट मांडते.

माझं म्हणणं : प्रत्येक बरणीवर कागद चिकटवावा. नाव, जिन्नस, कधी घातलं ते.

तुमचं म्हणणं : कागद नको. प्रत्येकीने बरणीच्या तोंडावर स्वतःच्या जुन्या साडीचा दादरा बांधून द्यावा. तेवढी ओळख पुरे.

मी म्हटलं, "अहो, दादऱ्यावरून गिऱ्हाइकाला काय कळणार?"

"काहीच कळणार नाही. म्हणून तो विचारेल. लेबल असलं की माणूस वाचतो. वाचलं की विचारत नाही. विचारलं नाही की मी बोलायचं काय? आणि बोललो नाही तर विकायचं कसं?"

तुमचं ते बोलणं ऐकायला मी अधूनमधून मुद्दाम दुकानात येऊन बसत असे, हे तुम्हाला माहीत होतं की नाही कोण जाणे. मुंबईची गाडी सुटायला थोडा वेळ असायचा, चाकरमानी घाईत यायचा, जी हाताला येईल ती बरणी उचलायचा आणि तुम्ही ती त्याच्या हातातून काढून घ्यायचात. "थांबा. बी.पी. आहे का घरात कुणाला? मग ही जांभळ्या कापडाची नको. या बाईंचा मिठाला हात सढळ. तुम्ही ही हिरवी न्या." दुसऱ्याला सांगायचात, "ही फुलाफुलांची आत्ता चाखू नका, दिवाळीला उघडा, आज कच्ची लागेल." लोकांना वाटायचं, हा विकायला बसलाय की परतवायला? पण पुढच्या सुट्टीत तीच माणसं गाडीतून उतरून आधी तुमच्याकडे यायची आणि मग घरी जायची.

आणि माझी साठं! तीही तुम्ही सोडली नाहीत. माझ्यादेखत एका बाईंना म्हणालात, "ही आमच्या वहिनींची. माल चोख, पण आंबट हां. साखर घालताना त्यांचा हात आखडतो." मी त्या दिवशी तुम्हाला जेवायला वाढलं, पण बोलले नाही. रात्रीपर्यंत तुम्ही वाट बघितलीत, मग म्हणालात, "निंदा नव्हे ती वहिनी. ओळख करून दिली."

"घरच्या माणसाची अशी ओळख करून देतात?"

"घरच्याचीच जास्त नीट करून द्यावी लागते."

साखर मी तरीही वाढवली नाही. रायवळ आंबा आंबटगोडच लागायला हवा, हे माझं मत आजही आहे. आज त्या मताचं काय झालं ते पुढे येईल.

दर सोमवारी तुम्ही फळ्या फिरवायचात. वरच्या फळीचा माल मधे, मधला खाली, खालचा वर, म्हणजे प्रत्येकीचा माल कधी ना कधी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर यावा. मी एकदा म्हटलं की निदान कुठली फळी कुणाची एवढं तरी कायम ठेवा, उद्या तुम्हाला काही झालं तर कुणाला कळणार नाही. तुम्ही हसलात. "मला काय होतंय?"

ते तुमचं चुकलं, भाऊजी. बाकी भांडणात कुणाचं काय बरोबर ते बघू, पण हे चुकलं.

जुलैत तुम्हाला धाप लागायला लागली आणि सरकारी दवाखान्यात खाट मिळाली. दुकान बंद. आणि आता ती गोष्ट, जी मी तुमच्या खाटेशी रोज येऊन बसले तरी तुम्हाला सांगितली नाही. तुमच्या भावाने तुमचं दुकान आवरलं.

तुम्हाला माहीत आहे, हे मिरजोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. आयुष्यभर त्यांनी एका मापाचे डबे एका रांगेत लावले. तुमच्यासाठी काहीतरी करावं असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि मला न विचारता कारखान्यातून परस्पर तुमच्या गाळ्यावर जाऊन त्यांनी संध्याकाळी काम सुरू केलं. फळ्या पुसल्या. बरण्या पुसल्या. तेलकट, मळके दादरे बघून त्यांचा जीव कासावीस झाला. ते सगळे सोडले आणि नव्या कोऱ्या मांजरपाटाचे चौकोन कापून एकसारखे बांधले. मग मोठ्या बरण्या मागे, लहान पुढे. "स्टोअर असं ठेवतात," असं त्यांनी मला आनंदाने सांगितलं, आणि मी सहज पडवीत गेले तर दोरीवर जांभळं, हिरवं, फुलाफुलांचं, किनारीचं, सगळ्या मालकिणींचं कापड धुऊन वाळत टाकलेलं. पावसाची हवा, त्यामुळे वाळत काही नव्हतं, पण मोहरीचा वास मात्र सगळीकडे पसरला होता.

"एवढ्या चांगल्या चिंध्या टाकवल्या नाहीत," हे म्हणाले. "पायपुसणी होतील."

"कुठला कुठल्या बरणीचा, लिहून ठेवलंत का?" मी विचारलं. ह्यांना आधी कळेचना की काय बिघडलं. कळलं तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि त्या दिवसापासून आज सकाळपर्यंत घरात ते चोरासारखे वावरत होते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, "दुकान उघडून बघितलंत का? दादरे सैल झाले असतील."

"बघितले," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पण तुमच्याकडे बघून म्हणू शकले नाही, खिडकीकडे बघून म्हटलं. मग मी वही काढली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की कुणाच्या किती बरण्या आहेत, जरा सांगून ठेवा. तुम्ही दोन नावं सांगितलीत, दम लागला, डोळे मिटलेत. "घरी आलो की बसू निवांत," म्हणालात. एक बरणी पिशवीत घालून तुमच्याकडे आणावी, तुम्ही चाखून सांगाल, असंही मनात आलं. पण पांढरं कापड बघून तुम्हाला सगळं कळलं असतं. खाटेवरच्या माणसाला ही काळजी द्यायची नाही, असं मी ठरवलं. त्या ठरवण्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. तुम्ही गेलात तेव्हा दुकान जसं सोडून आलात तसंच आहे असं समजून गेलात.

पण मागे राहिलेल्यांचं काय? गणपती दोन आठवड्यांवर. तुमच्या दुकानाची वर्षाची निम्मी विक्री या दिवसांतली, आणि बायकांच्या घरचा गणपतीचा खर्च त्या विक्रीवर. उन्हाळ्यात घातलेला सगळा माल बंद गाळ्यात, दमट हवेत. उशीर केला तर बुरशी. घाई करून एकीचा माल दुसरीला गेला तर भांडण, आणि नाव तुमचं. पाच वर्षांत तुमच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला नव्हता. तो तुमच्या माघारी, आपल्या घरच्या माणसामुळे निघेल, या विचाराने तेराव्याच्या पंक्तीतसुद्धा मी वाढताना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते. कोण समजुतीने घेईल, कोण नाही, याची मनातल्या मनात दोन रकान्यांत विभागणी चालू होती. कुंदा दुसऱ्या रकान्यात होती, हे कबूल करते. तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्यापासून तिचं सगळं घर त्या बरण्यांवर आहे. गरज असलेल्या माणसाकडून मी समजूत धरली नव्हती.

म्हणून आज सकाळी ओटीवर चादरी अंथरून ह्यांनी आणि मी सगळा माल मांडला. सगळ्या आल्या, चहा झाला, आणि मी आधी सरळ सांगून टाकलं, की असं असं झालं आहे, दादरे सुटले आहेत, कुठला कुठल्या बरणीचा ते आम्हाला ठाऊक नाही. हे माझ्यामागे हात जोडून उभे. धुऊन घडी केलेल्या कापडांचा गठ्ठा मधोमध ठेवलेला.

मग शेवंती पुढे झाली, गठ्ठ्यातून एक लालसर तुकडा ओढून काढला, उलटसुलट करून बघितला.

"भाऊ, ह्ये तुमी धुतलंव?"

"हो," हे म्हणाले. आवाज जेमतेम निघाला.

"हातान्?"

"हो."

"आगो बायांनो," शेवंती बाकीच्यांकडे वळली, "माज्या घोवानं इतक्या वर्सात माजं लुगडं दोरीवरनं काडलं पन न्हाय, आनि ह्या मानसानं साबन लावून धुतलंन्!"

आमसुलंवाल्या दोघी एकदमच हसल्या. हमीदाभाभी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझी चादर पण पाठवते हां भाऊ." ह्यांनी जोडलेले हात सोडले. तुमच्या भावाला इतक्या दिवसांनी सरळ उभं राहिलेलं मी तेव्हा पाहिलं.

कापडं तर लगेच वाटली गेली. स्वतःची जुनी साडी कोण विसरतं? सुलूताईंनी आपला जांभळा तुकडा घेतला आणि सांगितलं की ही त्यांना निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेली साडी, फाटेपर्यंत नेसली. आता बरण्या. प्रत्येकीच्या हातात चमचा दिला, ताटल्या ठेवल्या, प्यायला पाणी ठेवलं. मी वही उघडून तयार. माझा अंदाज असा होता की चांगल्या बरणीवर चौघींचा हात पडेल आणि मला पंच व्हावं लागेल.

भाऊजी, झालं ते उलटंच. दुसरीचा माल आपला म्हणायला कुणी तयारच होईना.

"ही माझी?" सुलूताईंनी चमचा खाली ठेवला. "एवढी हळद मी पोराचं डोकं फुटलं तरी लावत नाही."

"हळद राहू दे सुलूताई, ही बघा," कुंदा म्हणाली, "मेथी करपलीय हिच्यात. मी काय झोपेत लोणचं घालते?"

"करपलेली न्हाय ती. खरपूस म्हनत्यात त्येला. आण इकडं, माजी हाय."

"मग ही मिठाची खाण कुणाची?"

सगळ्यांनी सुलूताईंकडे बघितलं. सुलूताईंनी चाखलं आणि म्हणाल्या, "माझीच. पण मधूने कधी सांगितलं नाही हो मीठ जास्त होतं म्हणून."

गिऱ्हाइकांना सांगायचात आणि त्यांना नाही! तुमचं गुपित म्हणून ठेवलं आहे. मी त्यांना यथावकाश सांगेन, कारण सांगायला हवं.

हमीदाभाभींना चाखावंही लागलं नाही. त्यांच्या लोणच्यातल्या फोडी अगदी बारीक आणि एकसारख्या. त्या नुसत्या बरणी उजेडात धरून बाजूला ठेवत गेल्या. आमसुलंवाल्या जावांनी आपलं कोकमाचं आगळ बोटावर घेतलं, एकमेकींकडे बघितलं आणि मान हलवली. आणि मग साठं आली. मी काही न बोलता एक पोळी तोडून ताटलीत फिरवली. पहिला तुकडा हमीदाभाभींच्या तोंडात गेला. त्यांनी एक डोळा मिटला. मग बाकीच्यांनी घेतला, आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "वहिनींची!"

हे सगळ्यांत मोठ्याने हसले. मी वहीत माझ्या नावापुढे खूण केली. पुढच्या मे महिन्यात साखर घालीन, भाऊजी. थोडीशी.

मग कुंदाने उभं राहून आपल्या बरण्या मोजल्या. परत मोजल्या. "माझ्या बारा होत्या," ती म्हणाली. "या नऊच आहेत."

चादरीवर आता चार बरण्या उरल्या होत्या. आणखी एक-दोघींचं काम अजून बाकी होतं, पण त्या चारांपैकी कुंदाने तीन उचलल्या असत्या तर तिला कुणीही अडवलं नसतं. सगळ्यांना तिचं घर माहीत आहे. मी वहीवर पेन टेकवून बसले होते आणि मनात म्हणत होते की उचल बाई, मी लिहिते.

कुंदाने चमचा धुतला. चारही बरण्या एकेक करून चाखल्या, सावकाश. मग चमचा ताटलीत ठेवला.

"नाही. यातली एकही माझी नाही."

"नीट बघ गो," सुलूताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की त्यांचंही मन माझ्यासारखंच म्हणत होतं.

"नीटच बघितलं सुलूताई. मधूभाऊ माझं लोणचं देताना म्हणायचे, डोळे मिटून न्या. मग मी दुसऱ्याचं माझं कसं म्हणू? विकल्या गेल्या असतील तीन."

भाऊजी, मी तिला दुसऱ्या रकान्यात टाकलं होतं. तिथेच बसल्या बसल्या ते रकाने मनातून पुसून टाकले.

आणि नेमकं तेव्हा ह्यांनी कपाळावर हात मारला. "माळा!"

"काय माळा?"

"गाळ्याचा माळा. तीन बरण्या उंच होत्या, रांगेत बसत नव्हत्या. मी त्या आधीच दादऱ्यासकट वर ठेवल्या."

छत्रीही न घेता ते धावत गेले. परत आले तेव्हा चिंब भिजले होते आणि तीन बरण्या छातीशी धरल्या होत्या. उंबऱ्यात पाऊल टाकतायत तोच कुंदा म्हणाली, "त्या माझ्या." चाखायची गरजच नव्हती. मग ती खाली बसली आणि थोडा वेळ पदर डोळ्यांना लावून राहिली. शेवंतीने तिला स्वतःचा चहा दिला, थंड झालेला.

उरलेल्या चारांतल्या दोन सुलूताईंच्या निघाल्या, एक शेवंतीची. कुठेही आवाज चढला नाही. कुणीही तुमच्याबद्दल एक शब्द वाकडा बोललं नाही. मी इतके दिवस ज्याची भीती धरली होती ते घडवायला इथे कुणी आलंच नव्हतं.

निघताना त्यांनीच विषय काढला, की आता हा माल गणपतीत कोण विकणार? आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, बसते मी, पण माझी एक अट. लेबलं. सुलूताई म्हणाल्या, लाव बाई. शेवंती म्हणाली, "लाव, पन आमचा दादरा आमी बांधनारच." तेव्हा यापुढे दोन्ही असणार. आपलं भांडण अर्धं मी जिंकले, अर्धं तुम्ही. हे म्हणाले, सुट्टीच्या दिवशी मीही येतो. बायका म्हणाल्या या, पण हात लावू नका कशाला. ते अजून हसतायत.

एक मात्र मला जमेल की नाही ठाऊक नाही. गिऱ्हाइकाच्या हातातली बरणी काढून घेऊन, ही नको, ती न्या, असं मला कधी सांगता येईल का? लेबल वाचून ज्याला हवं ते तो नेईल, असं मी म्हणत आले. पण आज प्रत्येकीच्या बरणीतलं चाखल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही दिवसभर कशाबद्दल बोलत होतात. या प्रत्येकीला तुम्ही ओळखत होतात, आणि त्या सगळ्या आज एका ओटीवर बसून एकमेकींना ओळखू शकल्या. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. तुम्ही असतात तर मानू दिले नसतेत. दोन आणे कापून घेतलेत असं म्हणाला असतात.

आता ती चौथी बरणी.

तिच्यात भोकराचं लोणचं आहे. यातली कुणीच भोकराचं घालत नाही. सगळ्यांनी चाखलं. हमीदाभाभींनी परत घेतलं. कुंदा म्हणाली, "हिने तिरफळ कधी घातलं, कसं घातलं, विचारायला हवं." शेवंतीसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा. आणि कापडांच्या गठ्ठ्यातही एकच तुकडा शिल्लक होता. फिकट अबोली, बारीक काळ्या रेघेची किनार. तो कुणाचाच नाही. म्हणजे त्याची आणि त्या बरणीची जोडी.

मला एक आठवलं. दर हिवाळ्यात तुम्ही आंजर्ल्याला जायचात, कड्यावरच्या गणपतीला. गुहागरवरून, होडीने खाडी ओलांडून दाभोळला, तिथून पुढे. एवढा फिरत फिरत प्रवास. मी एकदा विचारलं होतं, "भाऊजी, देवाला जाताना रिकाम्या बरण्या कशाला नेता?"

"प्रसादाला," तुम्ही म्हणालात.

"इथे गणपती नाहीत का?"

"आहेत ना. पण त्यांना माझी सवय नाही."

मी हसून सोडून दिलं. तुम्हीही पुढे काही बोलला नाहीत. परत आलात की पिशवी जड असायची आणि एकदोन दिवस तुम्ही गाळ्यात शीळ घालायचात. ती बरणी कुणाला विकताना मात्र मी तुम्हाला कधी पाहिलं नाही. ती कुठल्या फळीवर असायची हेसुद्धा आठवत नाही. मी काही अंदाज बांधत नाही, भाऊजी. मला एवढंच दिसतं की तिथे एक बाई आहे, तिने तुमच्याकडे माल ठेवला आहे, आणि तुम्ही गेलात हे तिला कुणी कळवलं असण्याची शक्यता नाही. हिवाळा आला की ती रिकाम्या बरणीची वाट बघेल.

पावसात खाडीच्या होडीचा भरवसा नाही, म्हणून मी खेडवरून जाणाऱ्या एसटीची चौकशी करून ठेवली आहे. दादरा परत त्याच बरणीला बांधला. ती स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आहे आणि हात लावायचा नाही असं ह्यांना बजावलं आहे. लेबल लावलेलं नाही. यादीतल्या बाकी सगळ्या नावांपुढे खूण झाली. शेवटच्या ओळीत नुसतं आंजर्ले लिहिलं आहे. तिथे उतरल्यावर कुणाच्या दारात उभं राहायचं, ते शोधायचं राहिलं आहे.